शेवटची सायकल

साखळीच्या बसस्टँडवर पहाटे सव्वापाचला
आम्ही दहाजण. नऊ निघाले,
मी मोजले, आणि मग मी.

जुझे माश्तर गेल्यापासून शेवटची सायकल माझी.
तिला नियम एकच: तिच्या मागे कुणी राहता कामा नये.
माश्तरांची पिशवीही माझ्याकडे आली.
पाने, पंप, चिकटपट्टी,
आतल्या कप्प्यात मिठाची एक पुडी.
ती कशाला, हे मी, फार्मसी चालवणारा माणूस,
कधी ओळखू शकलो नाही.

केरीपर्यंत सगळे बोलत होते.
मग घाट लागला
आणि ज्याचा त्याचा आवाज
ज्याच्या त्याच्या छातीत परत गेला.

पहिल्याच वळणावर कायतान.
नवे बूट, पेडलला घट्ट धरणारे.
तो थांबला, बूट थांबले नाहीत म्हणा,
ओहोटीला होडी कलंडते तसा
अगदी सावकाश
उभ्याचा आडवा झाला.
आडवाच म्हणाला, "फोटो नको हां."
तीन निघाले.

मार्च होता. काजूची बोंडं रस्त्यावर
फुटून, आंबून पडलेली;
वासानंच चाक डुलायचं.
दत्तप्रसादचं नुसतं डुललं नाही.
गुडघा खरचटला, सदरा रसात भिजला,
आणि तो सदऱ्याचा वास घेत बसून राहिला:
"न पिता पडलो, हे घरी कोण मानणार?"

व्हेरोनिकाचं पंक्चर.
पंप होता, व्हॉल्व्ह होता,
दोघांची जात वेगळी.
तीन ट्यूब होत्या, तिन्ही माझ्या चाकाच्या मापाच्या.
दुसऱ्यांची काळजी घेतो म्हणणारा माणूस
बहुधा असाच असतो.
टायरात सुकं गवत कोंबलं,
चाक रवंथ करत पुढे गेलं.

रुजार मात्र कधीच पुढे.
काल रात्री म्हणाला होता,
"घाट पायात नसतो रे, डोक्यात असतो."
सगळे त्याला गाठायला धापा टाकत होते,
वळणावळणाला विचारत, "दिसला?"

मला दिसला.
अकराव्या वळणावर, कठड्यापलीकडे,
सायकल झुडपात, एक पाय लांब,
पोटरीत गोळा, ओठ दातांत.
सगळ्यांना त्यानं इथूनच जाऊ दिलं होतं,
ते त्याच्या मागे लागलेले असताना.

खाली अंजुण्याचं पाणी, अजून ऊन न पडलेलं.
आम्ही दोघं तिकडेच पाहत होतो.
मग तो म्हणाला,
"मीठ आहे ना पिशवीत?"

दरवर्षी इथंच होतं, म्हणाला.
याच वळणावर. माश्तरांना ठाऊक होतं.

मी पुडी सोडली. कागदाच्या घड्या
इतक्या नीट होत्या की उलगडताना
कुणाच्या तरी वहीत डोकावल्यासारखं वाटलं.
त्यानं मीठ पाण्यात टाकलं, प्यायला.
मी पोटरी चोळली. डोक्याविषयी
तो काही बोलला नाही, मीही नाही.

शेवटच्या चढाला तो पुढे गेला.
मी दहा मिनिटं एका दगडावर बसलो,
पंक्चर नसलेलं चाक उगाच तपासत.

वर चहाच्या टपरीवर पोचलो तेव्हा
गोष्ट तयार होती:
रुजार मुद्दाम मागे वळला होता,
शेवटचे कसे येताहेत ते बघायला.
"लीडर असावा तर असा," कायतान म्हणाला.
मी मान डोलावली.

उतरताना तीन सायकली
बेळगावच्या भाजीच्या ट्रकवर, कोबीवर निजून गेल्या.
खाली मी पुन्हा मोजले. दहा.

रात्री दत्तप्रसादच्या बायकोचा फोन.
"भाऊजी, खरं सांगा, प्यायले होते ना?"
"नाही हो वहिनी. बोंडावरून चाक घसरलं."
ती हसली. "तुम्ही सगळे
एकमेकांचं झाकणारच."

अख्ख्या दिवसात
मी बोललेलं तेवढंच खरं होतं.